बाईनं लिहिलेला कपाचा इतिहास

बाई, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला मुंबईहून फिलोमिना आली होती. भंतेजींची वंदना संपली, पंगत बसायची होती, तेवढ्यात दारात फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली. हातात पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नागपूर?"

मी म्हणालो, "येस, बॉम्बे."

कसं निघालं तोंडातून, मलाच कळलं नाही. पण तिला तेवढं पुरलं. माझा हात धरून ती आधी हसली आणि मग रडली.

वीस वर्षं तुम्ही दोघी एकमेकींच्या कानात बोलत आलात. तू नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉलच्या बोर्डावर, ती मुंबईच्या. तुम्ही एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही. शेवटी ती पाहायला आली तेव्हा तुझा फोटो होता. फोटोसमोर बराच वेळ उभी राहून म्हणाली, "मेरे को लगता था ये लंबी होएगी. आवाज लंबा था."

जेवताना सांबारवडी तिनं मधोमध उघडून पाहिली. "इस में सांबार किधर है?" मी सांगितलं की आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. ती म्हणाली, "बीस साल में वत्सला ने फुटबॉल छोड के कुछ बताया ही नहीं." सगळी पंगत हसली. तुझ्या जाण्यानंतर घरात पहिल्यांदा कोणी हसलं.

मग तिनं तुझं रजिस्टर मागितलं. मी काढून दिलं. जाड पुठ्ठ्याचं, कडा काळ्या झालेल्या. मुंबईत भरणाऱ्या, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एका बाद फेरीच्या फुटबॉल कपाचा इतिहास. तू त्याला कधी पूर्ण नावानं हाक मारली नाहीस, नुसतं 'कप' म्हणायचीस. जसा जगात दुसरा कप नाहीच.

त्याची सुरुवात मला आठवते. मी सोळा वर्षांचा, तू माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. धम्मदीक्षेनंतर चौथ्या वर्षी तू एक्स्चेंजात लागलीस, आणि तुझ्या नोकरीनं घरात रेडिओ आला. त्या रेडिओवर कपाच्या फायनलचं वर्णन चाललं होतं. अर्धा मोहल्ला आपल्या ओसरीवर. गेल्या वर्षी कप कोणी नेला यावरून दोन म्हातारे भांडले. एक म्हणे कलकत्त्यानं, दुसरा म्हणे हैदराबादनं. भांडण इतकं पेटलं की त्यात चालू फायनलचा गोल कोणालाच ऐकू आला नाही.

सगळे गेल्यावर तू म्हणालीस, "हे काहून भांडून राहिले माहीत आहे का, मधू? कोनं लिहून नाही ठेवलं म्हणून."

"पेपरात येते ना, बाई."

"पेपर रद्दीत जाते गा."

दुसऱ्या दिवशी तू रजिस्टर आणलंस आणि पहिल्या पानावर कपाची पहिली वर्षं लिहायला बसलीस. ती वर्षं तुला ठाऊक नव्हतीच. मग वाचनालयं झाली, जुन्या पेपरांचे गठ्ठे झाले, कामठीच्या छावणीतले पेन्शनर झाले. पोस्टकार्डं तर किती लिहिलीस याचा हिशेब नाही. "आदरणीय महोदय, अमुक साली सेमी-फायनलमध्ये आपण डावीकडून खेळलात असे कळते. गोल कोणी केला, हे सांगितल्यास उपकार होतील." आणि आश्चर्य म्हणजे लोक उत्तरं द्यायचे. म्हातारे झालेले, गुडघे गेलेले, कोणी दुकान घालून बसलेले, कोणी नातवंडं खेळवणारे. त्यांना कोणी वर्षानुवर्षं काही विचारलं नव्हतं. एकानं तर आठ पोस्टकार्डांवर आकडे टाकून एकाच मॅचचं वर्णन पाठवलं, आणि सातवं कार्ड टपालात हरवलं. तू सातव्यासाठी पुन्हा लिहिलंस.

तुझ्या रजिस्टरात आधी नुसत्या गोऱ्या पलटणी होत्या. मग हळूहळू आपली माणसं यायला लागली, बूट न घालता खेळणारी. लढाईमुळे कप झालाच नाही ती वर्षं होती. आणि एक पान कोरं होतं. त्या वर्षीच्या दोन साक्षी जुळत नव्हत्या. मी म्हटलं, टाक एकाचं नाव. तू म्हणालीस, "मी अंदाजानं कोनाले कप नाही देत."

पण चालू वर्षाचे निकाल तुला पेपरच्या आधी कळायचे, त्याचं गुपित बोर्डावर होतं. मुंबईहून बातमीदार आपापल्या पेपरांना ट्रंक लावून स्कोअर सांगत. लाइन फिलोमिनाच्या हातून जायची. कॉल जोडता जोडता ती तुला एवढंच म्हणायची, "नागपूर, टू-वन," आणि तू म्हणायचीस, "थँक यू, बॉम्बे." नियमात हे बसत नव्हतं. एकदा तुमच्या सुपरवायझर साहेबांनी तुला पकडलंच. तू उभी राहिलीस, मेमो मिळणार म्हणून. ते जवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दोन कोणाचे?"

मी गोलकीपर झालो तो तुझ्यामुळे. आपल्या गल्लीच्या टोकाला मिलच्या कुंपणाची भिंत होती. तिच्यावर तू कोळशानं गोलचे खांब आखलेस, मला मध्ये उभं केलंस, पदर खोचलास आणि पाच पावलं मागून पळत येऊन बॉल मारलास. तुझी लाथ मोहल्ल्यातल्या कोणत्याही पोट्ट्यापेक्षा जोरात बसायची. शेजारच्या बाया नळावर म्हणत, "लग्नाची पोट्टी बॉल मारून राहिली वं!" तू तिकडे बघायचीही नाहीस. मला म्हणायचीस, "माह्या पायाकडे पाह्य, तोंडाकडे नको. तोंड खोटं सांगते."

बाबांना मात्र हे मंजूर नव्हतं. मिलमधून थकून आले होते, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "गोलकीपर म्हणजे साऱ्यायच्या लाथा खानारा. हे काय शिकून राहिला तू?"

मी मान खाली घातली. तू वाढता वाढता म्हणालीस, "बाबा, साऱ्या मैदानात बॉलले हात लावाची परवानगी फक्त त्यालेच असते."

बाबांचा घास हातातच राहिला. "फक्त त्यालेच?"

"हो. बाकी कोनं हात लावला तर शिट्टी."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हसायला लागले. चवदार तळ्याची गोष्ट आपल्याला शंभरदा सांगणारे आपले बाबा त्या दिवशी नुसते हसत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "मंग खेळू दे त्याले." पुढे ते तीनच वर्षं होते. त्यानंतर घर तू चालवलंस. माझं शिक्षण, माझे बूट, माझं लग्न, सगळं तुझ्या बोर्डावरून आलं. तू स्वतः लग्न का केलं नाहीस, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं की नाही, तेही मला अजून कळत नाही.

मग ते वर्ष आलं. आपल्या नागपूरच्या संघाला कपात खेळायचं बोलावणं आलं. मी हिंगण्याच्या कारखान्यात नवा लागलो होतो, तरी सुट्टी मागितली. आम्ही अकरा आणि चार राखीव, मुंबईला गेलो. पहिल्या फेरीत कोणाच्या ध्यानीमनी नसताना आम्ही जिंकलो, एक-शून्य. ती बातमी फिलोमिनानं तुला कशी दिली ते तिनं परवा सांगितलं. ती म्हणाली, "मैं बोली, नागपूर वन-निल. उधर से कुछ आवाज ही नहीं. मैं समझी लाइन कट गया. फिर क्या चिल्लाई! मेरे कान में दो दिन दर्द था." एक्स्चेंजातल्या सगळ्या मुलींना तू त्या दिवशी पेढे वाटलेस, हे मला नंतर कळलं. माझ्याबद्दल त्यांना काय काय सांगितलंस, तेही.

दुसऱ्या फेरीत समोर कलकत्त्याचा मोठा संघ. उत्तरार्धापर्यंत शून्य-शून्य. मी त्या दिवशी असा खेळत होतो की मलाच खरं वाटत नव्हतं. मग डावीकडून बॉल आला, त्यांच्या सेंटर फॉरवर्डनं डोकं लावलं, मी उडी मारली आणि बॉल दोन्ही हातांत धरला. छातीशी घट्ट धरून पडलो. शिट्टी वाजली. मी उठलो तर रेफरी मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवत होता. गोल. आम्ही भांडलो, ओरडलो, काही झालं नाही. एक-शून्यनं हरलो.

नागपूरच्या स्टेशनवर अख्खा मोहल्ला आला होता. हार, ढोल, गुलाल. हरून आलो होतो, पण आपल्यातला कोणी कपात खेळून आला हेच त्यांना खूप होतं. कोणीतरी मला खांद्यावर घेतलं आणि खालून एकजण ओरडला, "मधू, गोल होता का बे तो?"

मी म्हणालो, "नव्हता. बॉल रेषेवर होता. मारलं आपल्याले रेफरीनं."

काय गलका झाला! ढोल दुप्पट वाजला. तू मागे टपालाच्या पेटीला टेकून उभी होतीस, ड्युटीवरून सरळ आलेली. मी तुझ्याकडे पाहून हात हलवला. तूही हलवलास.

घरी येऊन मी रजिस्टर उघडलं. तू आधीच लिहून ठेवलं होतंस: दुसरी फेरी, नागपूर शून्य, कलकत्ता एक. मी म्हटलं, "बाई, पुढे लिव, वादग्रस्त गोल."

"कोनाचा वाद?"

"माहा!"

तू पेन घेतलंस आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंस: 'गोलकीपरचे म्हणणे: चेंडू रेषेवर होता. साक्षीदार कपाच्या इतिहासकाराचा भाऊ आहे.'

मी रागावलो. तू तेवढ्यावर थांबली नाहीस. रेफरीला पोस्टकार्ड टाकलंस, त्यांच्या सेंटर फॉरवर्डला टाकलंस. रेफरीनं एका ओळीत कळवलं, 'गोल होता.' सेंटर फॉरवर्डचं उत्तर हिंदीत आलं, आणि ते तू सगळ्या मोहल्ल्याला वाचून दाखवलंस: 'बहनजी, मैंने तो आँखें बंद कर ली थीं. आपके भाई बहुत बड़े दिख रहे थे.' या एका पत्रावर मी वर्षभर ताठ मानेनं फिरलो.

मग काही वर्षांनी कप भरवणाऱ्यांचं तुला पत्र आलं. त्यांना स्मरणिका काढायची होती आणि त्यांच्याच दप्तरात कितीतरी वर्षांचे निकाल नव्हते. कोणत्या तरी म्हाताऱ्या खेळाडूनं तुझं नाव सांगितलं होतं. मंडळींना वाटलं होतं, कोणी प्राध्यापक असेल. निघाली नागपूरची टेलिफोन ऑपरेटर. तू पंधरा दिवस बसून सगळं सुवाच्य उतरवून काढलंस. तेव्हा मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी गंमत म्हणून नव्हे.

"बाई, छापून येऊन राहिलं. एक शब्द टाक. वादग्रस्त."

"साक्ष नाही गा तशी."

"माही साक्ष नाही? मी तिथं होतो, तू नव्हती!"

तू चष्मा काढलास. "तू माहा भाऊ आहे, मधू. रजिस्टरचा नाही."

मी उठून माझ्या घरी निघून आलो. भीमजयंतीपासून दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. स्मरणिका छापून आली, शेवटच्या पानावर आभाराच्या यादीत तुझं नाव होतं, ते मी कारखान्यात लपून वाचलं. आनंद झाला आणि त्याच आनंदाचा राग आला.

आणि एक दिवस पहिली पाळी सुटली, तर हिंगण्याला कारखान्याच्या फाटकाशी तू उभी. कंपनीच्या बसची वाट अडवून. हातात डबा. सगळे कामगार बघत होते.

"मी बोलून नाही राहिली तुह्याशी," तू म्हणालीस. "फक्त सांगाले आली का सेमी-फायनल सुरू झाली."

"कोन-कोन आहे?" मी विचारलं.

विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बोललो. तू डबा माझ्या हातात दिलास. त्यात बेसनाची पाटोडी होती. बसमध्ये आपण शेजारी बसलो आणि बर्डी येईपर्यंत तू चारही संघांची कुंडली मांडलीस. शब्दावरून आपण कधीच तडजोड केली नाही. तुझ्या नोंदीत फरक पडला नाही, माझ्या म्हणण्यातही नाही.

यंदा तुला धंतोलीच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते तुला आधीच ठाऊक होतं. तू नर्सांना कपाचा इतिहास सांगत होतीस. एक पारशिवनीची पोरगी होती, ती तर ड्युटी संपल्यावर खुर्ची ओढून बसायची. त्या दुपारी ती नव्हती. खिडकीतून ऊन आलं होतं, मी मोसंबी सोलत होतो.

मी म्हणालो, "बाई, एक सांगायचं होतं."

"सांग ना."

"बॉल आत होता."

तू डोळे उघडलेस.

"चांगला वीतभर आत," मी म्हणालो. "पडलो तेव्हा माह्या डोक्याखाली जाळीची दोरी होती. मले तेव्हाच माहीत होतं."

मला वाटलं तू गंभीर होशील. तू हसायला लागलीस. आधी आवाज न करता, मग खोकला येईपर्यंत. नर्स धावत आली. तू तिला हातानं थांबवलंस.

"मले स्टेशनवरच समजलं होतं," तू म्हणालीस. "तू हात हलवून राहिला होता अन् तोंड दुसरीकडे होतं."

"मंग इतकी वर्षं म्हटलं काहून नाही?"

"साक्षीदारावर जबरदस्ती नाही करत, मधू. तो आपल्या पायानं आला पाहिजे." मग मोसंबीची फोड तोंडात टाकून म्हणालीस, "लिव आता. गोलकीपरनं म्हणणं मागं घेतलं. तारीख टाक. अन् सही कर."

मी रजिस्टर पिशवीतून काढून लिहिलं, सही केली. पण खोटं का बोललो, ते तुला सांगितलं नाही. ते मोहल्ल्यासाठी नव्हतं, ढोलासाठीही नव्हतं. स्टेशनवर पेटीला टेकलेली तू दिसलीस आणि वाटलं, हिनं अख्ख्या एक्स्चेंजात पेढे वाटले आहेत. हिच्या भावाच्या हातून गोल गेला असं व्हायला नको. खरं तर तुला त्याचं काहीच वाटलं नसतं. हे कळायला मला बाप व्हावं लागलं.

तासभर तू झोपलीस. उठल्यावर आपण आणखी एक वाद काढला. मी म्हटलं, बाद फेरी हा अन्यायच आहे, एक मॅच हरली की संघ घरी. लीगच बरी, हरलेल्याला दुसरी संधी तरी असते. तू उशीवर कोपर टेकवून उठून बसलीस, जणू आजारी मीच होतो.

"लीगमंधी आधीचे गुण घेऊन येतात गा. जो वर आहे तो वरच राहते. कपात कोनीच मागचं काही घेऊन नाही येत. शिट्टी वाजली का राजाही शून्य अन् आपनही शून्य. म्हणून तर मी कपाचं लिवलं, लीगचं नाही लिवलं."

 इतक्या वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नव्हतं की तू हे रजिस्टर का लिहितेस. त्या दिवशी न विचारता कळलं. भेटीची वेळ संपली, मी निघालो. तू म्हणालीस, "उद्या याले तोड घेऊन ये."

तोड मला बर्डीच्या बस स्टॉपवर सुचली. उलटं फिरून यावं असं वाटलं होतं. मग म्हटलं, उद्या सांगू, तिला आता झोपू दे. सकाळी दवाखान्यातून माणूस आला.

तर ऐक, बाई. तू म्हणतेस ते खरं आहे, कपात लहान संघाला एक दिवस मिळतो आणि त्या दिवशी तो कोणालाही हरवू शकतो. पण लीगमध्ये तेच दोघं पुन्हा पुन्हा समोर येतात. हरले तरी येतात, भांडले तरी येतात, मोसम संपेपर्यंत येतच राहतात. मले ते पाहिजे होतं.